चित्र क्रमांक एकतीस

शेवटी सगळं चोपन्न सह्यांवर येऊन अडलं.

एकतीस वर्षांत प्राध्यापकांचं पुस्तक कशाकशावर अडलं नव्हतं! विभागप्रमुखपदावर अडलं, मोतीबिंदूवर अडलं, मुलाच्या लग्नावर अडलं, आणि मधली चार वर्षं तर निव्वळ प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यावर अडून होतं. पण ते अडणं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. हे तसं नव्हतं. विद्यापीठ प्रकाशनाची मुदत रविवारी संध्याकाळी पाचला संपत होती. ही तिसरी मुदतवाढ होती आणि चौथी मिळणार नाही, हे संपादकबाईंनी इतक्या गोड भाषेत कळवलं होतं की दुसऱ्यांदा वाचल्यावर प्राध्यापकांना ते समजलं.

त्या रविवारी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर जेवणाचं काहीही नव्हतं. लॅपटॉप होता, सूनबाई होती, आणि 'कुलूप, किल्ली आणि समाज' या ग्रंथाची सातशे बारा पानं होती. सून फार्मासिस्ट. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचण्यात तिचे दिवस जायचे, त्यामुळे सूचना वाचून त्याप्रमाणे वागणारी ती या घरातली एकमेव व्यक्ती होती. बाकीचे विद्वान असल्यामुळे फक्त सूचना द्यायचे.

"बाबा, प्रत्येक चित्रासाठी वेगळं परवानगीपत्र लागणार आहे. चित्र काढणाऱ्याच्या सहीचं."

"चित्रं माझ्या पुस्तकातली आहेत."

"हो, पण काढली कोणी?"

प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. अकरा वर्षं हा प्रश्न निघाला की ते ती टाकी बघत आले होते.

"लिही, लेखकाच्या संग्रहातून."

"तो रकाना मालकाचा. हा काढणाऱ्याचा. दोन्ही भरल्याशिवाय पान पुढे सरकतच नाही."

कोचावर पाय वर घेऊन बसलेल्या वकीलताईंनी वर्तमानपत्र खाली केलं. या प्राध्यापकांच्या पाठची बहीण. भावांच्या भांडणात तिने आजवर दोन्ही बाजू घेतल्या होत्या, कधीकधी एकाच दुपारी. "दादा, खोटं लिहिलंस तर मी तुझी बाजू मांडणार नाही. आणि खरं लिहिलंस तर मांडायला बाजूच उरत नाही. तू आपला त्याला फोन कर."

"मी? मी का करायचा?"

"कारण अडला हरी तू आहेस. पुढचं मी बोलत नाही."

तिने बोलायची गरजही नव्हती. ज्याचे पाय धरायचे तो धाकटा भाऊ दोन चौक पलीकडे, वडिलांच्या जुन्या दुकानात, लोकांची कुलपं दुरुस्त करत बसलेला असायचा. वय त्रेसष्ट, पण घरात अजून धाकटाच. मोठ्याने कुलपांवर शोधनिबंध लिहिले, धाकट्याने कुलपं उघडली, आणि वीस वर्षं हे दोघांचं छान जमलं होतं. दर रविवारी मोठा कुठूनतरी मिळवलेलं जुनं कुलूप घेऊन दुकानात जायचा. धाकटा ते खोलायचा आणि आतली रचना कागदावर काढून द्यायचा. कुलपाच्या पोटातलं फोटोत येत नाही, ते बघणाऱ्याच्या हातातूनच उतरावं लागतं. अशा शेकडो चित्रांतली निवडक चोपन्न ग्रंथात आली. मग एकाएकी रविवार बंद झाले. का, ते प्राध्यापकांना माहीत नव्हतं, आणि विचारणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. दुसऱ्याने संदर्भासह सांगावं, मग विचार करता येतो, अशी त्यांची पद्धत होती.

"तोवर दुसरं काम उरकते," सून म्हणाली. "तुमचं नाव सगळीकडून काढायचंय. परीक्षकांना लेखक कोण ते कळता कामा नये, असा नियम आहे."

"माझी शैली लपणार आहे थोडीच!"

"'मी अन्यत्र सिद्ध केल्याप्रमाणे' हे त्रेसष्ट वेळा आलंय."

"सिद्ध केलंय म्हणून आलंय."

"आता तिथे 'एका अभ्यासकाने सिद्ध केल्याप्रमाणे' असं करते."

"'मान्यवर' घाल. एका मान्यवर अभ्यासकाने."

सुनेने घातलं. त्रेसष्टपैकी एकोणपन्नास वेळा हा मान्यवर अभ्यासक एकाच निबंधाचा दाखला देत होता, 'दुतोंडी कुलूप: विश्वासाचं यंत्रशास्त्र'. या निबंधावर प्राध्यापकांना पदक मिळालं होतं, तीन परिषदांची आमंत्रणं आली होती, आणि सातवं प्रकरण, म्हणजे ग्रंथाचा कळस, त्याच्यावरच उभं होतं. दुतोंडी कुलपाला पुढून एक आणि मागून एक अशा दोन किल्ल्या. धंद्यातले दोन भागीदार एकेक किल्ली बाळगणार, दोघांनी एकत्र फिरवल्याशिवाय कुलूप उघडणार नाही. यावरून प्राध्यापकांनी समाजातल्या परस्परविश्वासाचा जो सिद्धांत बांधला, तो आता दोन विद्यापीठांत परीक्षेला होता.

माई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली एकतीस या ग्रंथाबरोबर सवतीसारखी काढली होती, आणि सवतीचं टाइपिंगही त्यांनीच केलं होतं. यजमानांचा स्वभाव त्यांना पाठ होता. हा माणूस फोन करणार नाही. पाच वाजतील, मुदत संपेल, आणि पुढची सगळी वर्षं 'तंत्रज्ञानाने घात केला' हे ऐकत काढावी लागतील. आणि खरं सांगायचं तर माईंना पुस्तकापेक्षा ते रविवार परत हवे होते. रविवारी दुकानातून आलेला त्यांचा नवरा बोटांना काळं तेल लागलेला आणि खुशीत असायचा. तसा तो नंतर कधी दिसला नाही.

"पोर्टल चित्रं परत पाठवतंय," सून म्हणाली. "स्कॅन पुसट आहेत. मूळ कागद लागतील."

"कपाटात आहेत," प्राध्यापक म्हणाले. "माई, किल्ली?"

"सापडत नाहीये," माई म्हणाल्या.

सगळं घर शोधून झालं. साडेबारा वाजले. प्राध्यापक कपाटासमोर उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "हे चार लिव्हरचं आहे. अशा घडणीचं कुलूप साधारण पन्नास वर्षांपूर्वी प्रचारात आलं. याच्या मागे एक मोठा रंजक इतिहास आहे."

"मग उघडा," माई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी मूठ दोनदा ओढली. इतिहास जागचा हलला नाही.

"कुलूपवाला बोलवावा लागणार," वकीलताई म्हणाल्या.

"कोणीही बोलवा."

"रविवारी कोणीही येत नाही. एकच येतो."

प्राध्यापक काही बोलायच्या आत माईंनी फोन लावला. "भाऊजी, मी बोलतेय. कपाट अडकलंय हो." पलीकडून एकच शब्द आला, "आलो." फोन ठेवून माईंनी चष्मा काढला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि घर पुन्हा घट्ट मिटलं. आत काहीतरी खुळखुळलं. ते सुनेने ऐकलं आणि औषधविक्रेत्याच्या सवयीने कुणालाही सांगितलं नाही.

धाकटा वीस मिनिटांत आला. अकरा वर्षांनी या घराची पायरी चढताना आपल्याला काय वाटेल, याचा त्याने अनेकदा विचार केला होता. प्रत्यक्षात एवढंच वाटलं की दाराचं कुलूप स्वस्तातलं बसवलंय. दादा कोचाच्या टोकाला बसला होता. केस पार गेले होते. धाकट्याने पिशवी खाली ठेवली, कपाटापाशी गुडघे टेकले आणि दोन तारा घातल्या. खट्. आजूबाजूच्यांना नीट बघताही आलं नाही.

"वहिनी, याला काहीही झालेलं नव्हतं," तो तारा पुसत म्हणाला. माईंच्या हातातलं चष्म्याचं घर पुन्हा खुळखुळलं. "किल्ली चष्म्याच्या घरात ठेवता काय? आमची आई पण तिथेच ठेवायची."

"चहा ठेवते," असं म्हणून माई आत सटकल्या.

सुनेने टेबलावर चोपन्न छापील पत्रं मांडली. तिने काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, ही तुमची चित्रं आहेत. तुमच्या सहीशिवाय पुस्तक जात नाही. पाच वाजेपर्यंत वेळ आहे. नाव तुमचं छापलं जाणार, प्रत्येक चित्राखाली."

"छापलं जाणार?" धाकट्याने दादाकडे बघितलं.

"प्रकाशकाचा नियम आहे," दादा टाकीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे तुझ्या मनात आलं म्हणून नाही."

"अरे, आता गाडी रुळावर आहे तर कशाला..." वकीलताई म्हणाल्या.

"ताई, तू थांब."

तो बसला. पत्र वाचायचं, मूळ चित्र बघायचं, सही करायची. घाई नाही. एक, दोन, तीन. वाड्यांची कुलपं, गोदामांची, तुरुंगाचं, मुलीच्या पेटीचं एवढंसं. काही चित्रांवर तो क्षणभर थांबायचा, अंगठ्याने कागदाची कडा चाचपायचा. दादा चोरून बघत होते. तीस सह्या झाल्या. एकतिसावं चित्र आलं आणि धाकट्याने पेनाचं टोपण लावलं.

"हे काढ पुस्तकातून. बाकी सगळ्यांवर करतो."

"ते?" प्राध्यापक ताडकन उठले. "ते दुतोंडी आहे! त्याच्यावर सातवं प्रकरण उभं आहे!"

"म्हणूनच सांगतोय. असं कुलूप नसतं."

आतून माई कपबशा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"नसतं म्हणजे? तूच काढलंस. भंगारात आलं होतं, मूळ नग वितळवला गेला, असं तूच सांगितलंस. मी तळटीप दिली आहे तशी!"

धाकट्याने ट्रेमधले दोन चमचे घेतले आणि समोरासमोर धरले. "ही पुढची जीभ. ही मागची. दोघी एकाच खाचेत. ही किल्ली फिरवली की ही जीभ मागे सरकते आणि त्या दुसरीला दाबून बसवते. ती फिरवली की हिला बसवते. हे लागतं, दादा. उघडत नाही. दोघांनी मिळून फिरवलं तर नाहीच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं."

"उघडणं हा एकच निकष नसतो," प्राध्यापक म्हणाले. "सैद्धांतिक पातळीवर..."

"दादा, कुलूप आहे ते!"

सुनेला हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं.

"पण तू काढलंस कशाला असलं?" वकीलताईंनी उलटतपासणीचा सूर लावला.

धाकटा चमच्यांकडे बघत राहिला. हे तो बायकोपाशीसुद्धा पूर्ण बोलला नव्हता. "एका रविवारी हा दोन पाहुण्यांना घेऊन दुकानात आला. मोठे प्राध्यापक होते. मी पुढे झालो, हात पुसला. हा म्हणाला, 'हा आमचा कारागीर.' भाऊ नाही म्हणाला. त्यांच्यासमोर माझ्या चित्रातली एक रेघ चुकीची म्हणून दाखवली. ती बरोबर होती. मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी हे काढलं. वाटलं, रात्री घरी जाऊन बघेल आणि सकाळी फोन करेल. 'गाढवा, हे काय काढलंस, हे जन्मात उघडेल का?' मग मी त्याला सगळं ऐकवणार होतो. सकाळी दुकान तासभर आधी उघडून बसलो होतो मी."

"आणि?" सुनेने विचारलं.

"सहा महिन्यांनी निबंध आला. शेवटी आभार. 'स्थानिक कारागिरांचे सहकार्य लाभले.' अनेकवचनात."

प्राध्यापक हळूहळू खाली बसले. एकतीस वर्षं, सातवं प्रकरण, पदक, दोन विद्यापीठांतली मुलं घोकत असलेला सिद्धांत. हे सगळं दोन चमच्यांत संपलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. राग शोधला तर तो सापडेना. सकाळी तासभर आधी उघडलेलं दुकान तेवढं डोळ्यांपुढे येत राहिलं.

"मी बघितलंच नाही ते," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतोय."

"तसं नाही. मी तुझं एकही चित्र कधी तपासलं नाही. बाकी सगळ्यांचं तपासायचो. स्वतःचंसुद्धा."

"मग माझंच का नाही?"

"तुझं होतं म्हणून."

धाकट्याने टोपण काढलं, पुन्हा लावलं. माईंनी चहा ठेवला आणि कुणीही घेतला नाही.

मग वकीलताईंनी परंपरेप्रमाणे बाजू बदलली. "हे बघा, आपण पाच जण सोडून कुणाला माहीत आहे? चित्र राहू दे. 'कथित' हा शब्द घाला. 'कथित दुतोंडी कुलूप'. आमच्याकडे 'कथित'वर माणसं सुटतात."

"आत्या, काका सही करणार नाहीत," सून म्हणाली. "आणि चार वाजायला दहा कमी आहेत."

"मी ते प्रकरण सहा वेळा टाइप केलंय," माई अचानक म्हणाल्या. "मला ते कधीच पटलं नव्हतं. दोघांकडे एकेक किल्ली दिली की म्हणे विश्वास वाढतो. भागीदार जाऊ देत, मी या घरातले दोन भाऊ बघितलेत."

"मग बोलली का नाहीस?" प्राध्यापक म्हणाले.

"विचारलंत कधी? 'टाइप झालं का' एवढंच विचारलंत."

प्राध्यापक लॅपटॉपपाशी गेले. सातवं प्रकरण बासष्ट पानांचं होतं. सुनेने ते निवडून दिलं, पडदा निळा झाला. त्यांनी बोट उचललं आणि तसंच धरलं. परिषदेतल्या टाळ्या आठवल्या. पदक दिवाणखान्यात होतं, तिथून दिसत होतं.

"प्रकरण गेलं तर पुस्तकाला कणा काय राहतो?" ते पुटपुटले.

"त्रेपन्न कुलपं राहतात," धाकटा म्हणाला. "ती सगळी उघडतात."

त्यांनी कळ दाबली.

पुढचा तास घर गिरणीसारखं चाललं. आठवं प्रकरण सातवं झालं. वकीलताईंनी अनुक्रमणिका सुधारली, माईंनी सूचीतून 'दुतोंडी' उपटून काढलं, आणि सुनेने मान्यवर अभ्यासकाला एकोणपन्नास जागांवरून हाकललं. धाकट्याने उरलेल्या तेवीस सह्या केल्या. एकतिसावं पत्र कोरंच राहिलं. ते त्याने घडी घालून खिशात टाकलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी हस्तलिखित गेलं. लगेच उत्तर आलं, 'प्रिय लेखक, आपले साहित्य मिळाले. या पत्राला उत्तर देऊ नये.' प्राध्यापकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटा गार झालेला चहा एका घोटात पिऊन निघाला. 'येतो' म्हणाला, पण कधी ते बोलला नाही.

साडेचार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, प्राध्यापक हातात दोन कागद घेऊन दुकानात शिरले. अकरा वर्षांत काउंटर तसाच होता, स्टूल नवं होतं. त्यांनी पहिला कागद पुढे सरकवला. परीक्षकांचा अहवाल.

धाकट्याने चष्मा चढवून वाचलं. "लेखकाची तयारी बरी आहे, तथापि दुतोंडी कुलपाविषयी झालेल्या मूलभूत संशोधनाचा त्यांना गंधही नसावा, हे धक्कादायक आहे. या विषयावरील सुप्रसिद्ध निबंध लेखकाने एकदा तरी शांतपणे वाचावा. प्रस्तुत परीक्षकाने असे कुलूप स्वतः हाताळले असून ते सहज उघडते. सदर प्रकरण समाविष्ट केल्याशिवाय ग्रंथ प्रकाशनयोग्य नाही."

त्याने कागद खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "सहज उघडतं म्हणे."

"म्हणे."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. प्राध्यापकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं.

"आता?" धाकट्याने विचारलं.

"संपादकबाई म्हणतात, प्रकरण घाला नाहीतर न घालण्याचं कारण लेखी द्या. ते परीक्षकांकडे जाईल आणि तो निबंध ज्यात आला होता त्या नियतकालिकातही छापतील." त्यांनी दुसरा कागद काढला. "कारण लिहिलंय. सगळं. पदक परत करतोय तेही. पुस्तक छापलं जाईल की नाही, माहीत नाही." त्यांनी कागद पुढे केला. "तू तपास."

"मी?"

"हो. पाठवायच्या आधी."

धाकट्याने हात पुसले. कागद उजेडात धरून तो ओळीखाली बोट ठेवत वाचू लागला. प्राध्यापक स्टुलावर बसून राहिले, निकालाच्या दिवशी बाकावर बसलेल्या मुलासारखे. गिऱ्हाईक आलं, त्याला धाकट्याने हातानेच थांबायला सांगितलं.

"एक चूक आहे," तो शेवटी म्हणाला.

"कुठे?"

"इथे. 'हे चित्र माझ्या भावाने काढले. चूक सर्वस्वी माझी.' सर्वस्वी नाही. निम्मी माझी."

"ते मी बदलणार नाही."

"मग मीही सही नाही करणार."

"सही? तुझी सही कुठे लागते याला?"

धाकट्याने पेन्सिलीने 'सर्वस्वी माझी' खोडलं, वर 'आमची' लिहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि दादाच्या नावाशेजारी, ठरवून ठेवल्यासारखी, चोपन्नावी सही केली.